वाशीमचे दप्तर आणि सागरमार्गे आलेला कागद

वऱ्हाडच्या दक्षिण भागातील वाशीम हे गाव समुद्रापासून दूर, पठारावर वसलेले आहे. त्याच्या इतिहासाचा विचार करताना समुद्राचे नाव सहसा कोणी घेत नाही. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी, अकबरकालीन वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार, पुढे निजामाचा मुलूख आणि अखेरीस इंग्रजी अमलातील कापसाचा प्रदेश, अशा क्रमाने हा इतिहास सांगितला जातो. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावी जिल्ह्याची कचेरी चालत होती आणि अशा कचेरीतील कागद, टाक, शाई, लाख व तिकिटे यांचा उगम शोधू लागल्यास अभ्यासकाला थेट लंडनच्या गोदीपर्यंत जावे लागते. समुद्र न पाहिलेल्या कारकुनाचे दररोजचे लेखन समुद्रावर अवलंबून होते.

या लेखनसामग्रीच्या वाहतुकीचा विचार आपल्याकडे इतिहासाचा विषय म्हणून फारसा झालेला नाही. दप्तरात काय लिहिले आहे हे आपण वाचतो. ते कशावर लिहिले आहे याकडे दुर्लक्ष करतो. प्रस्तुत लेखात दोन गोष्टी मांडावयाच्या आहेत. दक्षिणेतील हातकागद सरकारी दप्तरातून उठला तो केवळ यंत्राच्या श्रेष्ठतेमुळे नव्हे, तर सरकारी खरेदीचे धोरण आणि जहाजभाड्याचे गणित यांच्या संयोगाने, ही पहिली गोष्ट. परदेशी कागदावर त्याच्या सागरी प्रवासाची खूण उमटलेली असते आणि ती खूण कालनिर्णयाचे साधन म्हणून वापरता येते, ही दुसरी. हे साधन आज नष्ट होण्याच्या मार्गावर आहे, म्हणून त्याची चर्चा आताच होणे अवश्य आहे.

१. समुद्रापूर्वीचा कागद

वाशीमच्या लेखनपरंपरेचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा कागदाचा नाही, तांब्याचा आहे. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्यवर्षाच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्म येथून दिलेला ताम्रपट १९३९ साली वाशीम येथे उजेडात आला आणि वाकाटकांच्या या शाखेचे अस्तित्व निर्विवाद ठरले. दान चिरकाल टिकावे म्हणून ते तांब्यावर कोरले जाई. राज्यकारभाराच्या नित्याच्या लेखनास मात्र तांबे उपयोगी नव्हते, आणि मध्ययुगात ही गरज कागदाने भागविली.

दक्षिणेतील कागदनिर्मितीची केंद्रे अभ्यासकांस परिचित आहेत. दौलताबादजवळील कागझीपुरा हे त्यांतील प्रमुख होय. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस हलविली, तेव्हापासून तेथे कागद करणारे कारागीर वसले अशी परंपरा आहे. जुन्नरचा कागद मराठी दप्तरात सुप्रसिद्ध होता, आणि पुण्यातील कागदीपुरा या वस्तीचे नाव त्याच धंद्याची आठवण देते. या कागदाचा कच्चा माल म्हणजे चिंध्या, जुनी गोणपाटे व दोरखंड. ते चुन्यात भिजवून कुटावयाचे, लगदा पाण्यात कालवून गवताच्या काड्यांच्या चाळणीवर उचलावयाचा, वाळलेल्या तावास खळ लावावयाची आणि गुळगुळीत दगडाने घोटावयाचे. घोटलेल्या तावावर बोरू अडखळत नसे, आणि मोडीचे न तुटणारे वळण त्यावर सहज वाहत असे. चुन्याच्या वापरामुळे या कागदात आम्लता राहत नसे. दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे मराठी कागद आज उलगडले तरी मोडत नाहीत, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण होय.

दौलताबाद ते वाशीम हे अंतर बैलगाडीच्या टप्प्यातले होते. शाई काजळ व डिंक यांची, बोरू नदीकाठचा, ओली शाई टिपण्यास वाळू. लेखनाचे सर्व साहित्य देशात होत होते आणि त्यासाठी कोणत्याही बंदराकडे पाहण्याचे कारण नव्हते.

२. मागणीपत्रकाचा मार्ग

१८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले, आणि १८६० मध्ये त्या तहाची फेररचना झाली. मुलुखाची मालकी नावापुरती निजामाची, कारभार हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटच्या देखरेखीखाली, अशी ही व्यवस्था होती. पुढे वाशीम, मंगरूळ व पुसद हे तालुके मिळून वाशीम जिल्हा झाला, आणि तो १९०५ पर्यंत टिकला.

या नव्या कारभाराबरोबर लेखनसामग्रीची नवी व्यवस्था आली. कंपनीच्या काळापासून हिंदुस्थानातील सरकारी कचेऱ्या आपल्या गरजेची यादी करून ती वरिष्ठांकडे पाठवीत, या याद्या एकत्र होऊन लंडनला जात आणि तेथे खरेदी होऊन माल जहाजाने येई. १८५८ नंतर हे काम भारतमंत्र्यांच्या कचेरीतील भांडार खात्याकडे आले, आणि टेम्स नदीच्या दक्षिण काठावर लँबेथ येथे या खात्याचे कोठार उभे राहिले. १९२० मध्ये लंडनमध्ये हिंदुस्थानचे हायकमिशनर नेमले गेल्यावर भांडार खाते त्यांच्या हाताखाली गेले.

यादीत काय असे, हे पाहिले म्हणजे या व्यवस्थेचा विचित्रपणा ध्यानात येतो. कागदाची रिमे, बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतील पोलादी निबे, पेन्सिली, टिपकागद, टाचण्या, दप्तरे बांधण्याची लाल फीत आणि लिफाफे बंद करण्याच्या लाखेच्या कांड्या. यांपैकी लाखेच्या कांडीचा मुख्य घटक हिंदुस्थानच्या जंगलांतूनच निर्यात होत असे. आपल्या पळसा-कुसुंबावरची लाख विलायतेस जाऊन रंगीत कांडीच्या रूपाने परत येई आणि आपल्याच कचेरीतील लिफाफ्यावर वितळे. लाल फितीने तर मराठीस ‘लालफीत’ हा शब्दच दिला, आणि तो फीत निघून गेल्यावरही भाषेत राहिला.

शब्दांचा असा प्रवास इतरत्रही दिसतो. कागदाच्या मापास आपण ‘रीम’ म्हणतो. हा शब्द अरबी ‘रिझ्मा’ म्हणजे गठ्ठा यापासून स्पेनमार्गे इंग्रजीत गेला आणि इंग्रजी जहाजातून आपल्याकडे आला. ‘फुलस्केप’ हे नाव जुन्या युरोपीय कागदातील विदूषकाच्या टोपीच्या जलचिन्हावरून पडलेले आहे. याउलट चोवीस तावांचा ‘दस्ता’ हा फारसी शब्द जुन्या व्यवहारातून तसाच टिकला. एका रिमेत वीस दस्ते मोजणारा कारकून दोन साम्राज्यांची मापे एकाच दमात वापरीत होता.

३. सागरी प्रवास आणि त्याचा खर्च

केप ऑफ गुड होपला वळसा घालून लंडन ते मुंबई हे अंतर सुमारे १०,७०० सागरी मैल भरते. शिडाच्या जहाजास त्यासाठी साधारणतः चार ते सहा महिने लागत. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर हे अंतर सुमारे ६,३०० सागरी मैलांवर आले, आणि आगबोट महिन्याच्या आत मुंबईस पोहोचू लागली. कागदाच्या दृष्टीने या फरकाचे महत्त्व काळापुरते नव्हते. उष्ण कटिबंधातून जाताना जहाजाच्या पोटात दमटपणा साचतो, लोखंडी भिंतींवर पाणी धरते आणि कागद ते शोषून घेतो. म्हणून उत्तम प्रतीचा कागद व लिफाफे आतून कथलाचा पत्रा लावलेल्या लाकडी पेट्यांत बंद करून पाठवीत. प्रवास जितका लांब, तितकी ही बांधणी अधिक खर्चाची व नुकसानीची भीती अधिक.

जहाजभाडे वजनावर किंवा आकारमानावर आकारले जाई, आणि ४० घनफूट जागा म्हणजे एक टन असे मानण्याचा व्यापारी प्रघात होता. येथे वऱ्हाडच्या कापसाचा संबंध येतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला व हिंदी कापसास अपूर्व मागणी आली. कापसासारखा जागा व्यापणारा माल मुंबईहून नेण्यास पुष्कळ जहाजे लागत. परंतु विलायतेहून इकडे येणाऱ्या मालाने तितकी जागा भरत नसे. येणारी जहाजे कोळसा यांसारखा जड व स्वस्त माल घेऊनही येत. ज्या दिशेने जागा मोकळी, त्या दिशेचे भाडे कमी, हा नौकानयनाचा सामान्य नियम आहे. म्हणून कापसाच्या निर्यातीने आयात कागदाचे भाडे हलके ठेवण्यास हातभार लावला, असे म्हणण्यास हरकत नाही. कारंज्याच्या वा वाशीमच्या बाजारात कापूस विकणाऱ्या शेतकऱ्यास हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्याच्या गाठी ज्या जहाजांना इकडे खेचीत होत्या, त्यांतूनच त्याच्या शेतसाऱ्याच्या नोंदीचा कागद येण्याची सोय होत होती.

मुंबईपासून पुढचा मार्गही याच कापसासाठी बांधला गेला. थळ घाटातून रेल्वे १८६५ मध्ये वर चढली, आणि १८६७ मध्ये भुसावळहून अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोहोचली. मुंबई बंदरात प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये व व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये सुरू झाल्यावर माल पडावांत उतरविण्याऐवजी थेट धक्क्यावर उतरू लागला. अकोला स्थानकावर उतरलेली पेटी मात्र पातूर, मेडशी, मालेगाव या मार्गाने सुमारे ५० मैल बैलगाडीनेच वाशीमला जाई. वाशीम गावास रेल्वे मिळाली ती स्वातंत्र्योत्तर काळात, अकोला-हिंगोली मार्गाने. हजारो मैलांचा प्रवास वाफेवर आणि अखेरचा टप्पा बैलांवर, अशी या कागदाची वाट होती.

४. हातकागद का हरला

यंत्राचा कागद स्वस्त व एकसारखा होता, म्हणून हातकागद मागे पडला, असे सर्वसाधारणतः सांगितले जाते. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. ब्रिटनमध्ये कागदावरील अबकारी कर १८६१ मध्ये रद्द झाला. त्याच दशकात चिंध्यांच्या जोडीला एस्पार्टो गवत कागदासाठी वापरात आले, आणि पुढे लाकडाचा लगदा आला. या सर्वांमुळे विलायती कागदाची किंमत उतरली, हे मान्य केले पाहिजे.

परंतु सरकार हे या देशातील कागदाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते, आणि त्या गिऱ्हाइकाचा निर्णय बाजारभावावर सोडलेला नव्हता. सर चार्ल्स वुड १८५९ ते १८६६ या काळात भारतमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत हिंदुस्थान सरकारला लागणारा कागद ब्रिटनमध्येच खरेदी करावा असा हुकूम सुटला आणि त्याने देशातील वाढत्या कागदधंद्यास जबर धक्का बसला, अशी नोंद जॉर्ज वॅट यांनी १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदुस्थानच्या व्यापारी उत्पादनांवरील ग्रंथात केली आहे. वॅट हे कोणी राष्ट्रीय चळवळीतील टीकाकार नव्हते. ते सरकारच्याच नोकरीतील आर्थिक वनस्पतींचे तज्ज्ञ होते. त्यांच्या साक्षीस म्हणूनच अधिक वजन आहे.

या हुकुमाचा काळ व वऱ्हाडातील नव्या कारभाराच्या उभारणीचा काळ एकच आहे, याकडे लक्ष वेधणे अगत्याचे वाटते. १८६१ पासून वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीवर जमिनीची मोजणी व आकारणी सुरू झाली. प्रत्येक शेताचा क्रमांक, क्षेत्र, प्रत आणि आकार लिहिण्यास एकाच मापाचे, आखलेले, छापील तक्ते हवे होते. पाटील-पटवाऱ्यांच्या जुन्या लांबट मोडी बंदांवर हे काम नव्या अंमलदारांस मान्य होणारे नव्हते. दप्तराची गरज अनेक पटींनी वाढली, नेमका त्याच क्षणी तिचा पुरवठा समुद्रापलीकडे बांधला गेला. दौलताबादच्या वा जुन्नरच्या कागद्याला नव्या मापाचा ताव करून दाखविण्याची संधीच मिळाली नाही. व्यापाऱ्यांच्या वह्या व धार्मिक पोथ्या यांपुरता त्याचा धंदा आकसत गेला.

या परकीय कागदाने रयतेच्या जीवनात केवढे स्थान मिळविले होते, याचे प्रत्यंतर शेजारच्या इलाख्यात मिळते. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे दंगे झाले, त्या वेळी त्यांनी सावकारांकडील कर्जरोखे हस्तगत करून ते जाळण्यावर भर दिला. न्यायालयात तोंडी शब्दापेक्षा मुद्रांकित कागद श्रेष्ठ ठरत होता, हे त्यांनी अचूक ओळखले होते. मूल्यवान कागदाची तर सर्व सूत्रे लंडनमध्ये होती. हिंदुस्थानची टपाल तिकिटे १८५५ पासून १९२५ च्या सुमारापर्यंत लंडनची डी ला रू कंपनी छापीत होती, आणि १८६१ च्या कायद्यान्वये निघालेल्या सरकारी नोटा १९२८ पर्यंत बँक ऑफ इंग्लंडमध्ये छापून जहाजाने येत.

५. परतीची वाट

ही व्यवस्था एकदम संपली नाही. १८८३ मध्ये सरकारने देशी मालाच्या खरेदीस उत्तेजन देणारे नियम केले, आणि त्याच सुमारास लखनौ, टिटागड, पुणे व राणीगंज येथील गिरण्या पुढे आल्या. १९२५ मध्ये बांबूच्या लगद्यापासून होणाऱ्या कागदास संरक्षण देणारा कायदा झाला. महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना म्हणजे नाशिकची मुद्रणालये. तेथील सिक्युरिटी प्रेस १९२४-२५ मध्ये व नोटांचे मुद्रणालय १९२८ मध्ये सुरू झाले, आणि तिकिटे व नोटा यांचा सागरप्रवास थांबला.

शाईच्या बाबतीतही असाच पालट झाला. १९३१ मध्ये मुंबईत गिरगावात दांडेकर बंधूंनी घोडा छाप शाईची पूड व वड्या करण्याचा उद्योग काढला, आणि त्यातून कॅम्लिनचा विस्तार झाला. शाई पुडीच्या रूपाने विकण्यात सोय होती: पाणी व काच यांचे वजन लांबवर वाहण्याचे कारण उरत नसे. हातकागदाच्या पुनरुज्जीवनाचे प्रयत्न वऱ्हाडच्या शेजारीच झाले. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत हातकागदाचे काम हाती घेतले, आणि १९४० मध्ये पुण्यात कृ. बा. जोशी यांच्या परिश्रमाने हातकागद संस्था उभी राहिली.

दोन महायुद्धांनी सागरी पुरवठ्याचा धोका उघड केला. दुसऱ्या महायुद्धात आयात घटली, आणि १९४२ मध्ये सरकारने देशातील गिरण्यांच्या उत्पादनाचा बहुतांश भाग स्वतःसाठी राखून ठेवला. शाळा, मुद्रक व प्रकाशक यांस उरलेल्यावर भागवावे लागले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४५ मध्ये, बल्लारपूर येथे कागद गिरणी काढण्याचा उद्योग सुरू झाला, आणि भुसावळ-खांडवा लोहमार्गावरील नेपानगरची वृत्तपत्र-कागदाची गिरणी १९५६ मध्ये राष्ट्रास अर्पण झाली. विदर्भाचा कागद विदर्भातच होऊ लागला, तो सुमारे एका शतकाच्या अंतराने.

६. संशोधकांसाठी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. परदेशी कागद उजेडासमोर धरल्यास त्यात कारखानदाराचे नाव व पुष्कळदा साल दिसते. हे साल तेथे का असते, याचे उत्तर निर्यातीतच आहे. ब्रिटनमधील कागदावर अबकारी कर होता, आणि कागद परदेशी पाठविल्यास तो कर परत मिळे. १७९४ च्या कायद्याने ही सवलत मिळण्यासाठी तावात साल असण्याची अट घातली. १८११ मध्ये अट उठली, तरी साल घालण्याची रीत चालू राहिली. म्हणजे आपल्या दप्तरातील जलचिन्हाचे साल हा मूलतः सागरी निर्यातीसाठी उमटविलेला शिक्का आहे.

त्याचा उपयोग पुढीलप्रमाणे होतो. मितीविना असलेला लेख जलचिन्हातील सालापूर्वीचा असू शकत नाही. एखाद्या सनदेवर अथवा खतावर जुनी मिती असून कागदाचे साल नंतरचे असेल, तर ती नक्कल तरी आहे किंवा बनावट तरी. एकाच कचेरीतील मिती असलेल्या अनेक लेखांवरून साल व लेखन यांतील अंतर काढल्यास कागद कारखान्यापासून मेजापर्यंत येण्यास किती काळ लागे, आणि सुएझनंतर तो किती घटला, याचाही अंदाज करता येईल. अर्थात येथे सावधगिरी हवी. काही कारखानदार तेच साल अनेक वर्षे वापरीत, आणि कोठारात पडून राहिलेला कागद पुष्कळ उशिरा वापरला जाई. म्हणून जलचिन्ह पूर्वमर्यादा निश्चित करते, उत्तरमर्यादा नाही. देशी हातकागदात साल नसते. तेथे गवती चाळणीच्या रेषा पाहाव्या लागतात, आणि त्या रेषांचा अभाव व सालाची उपस्थिती हाच देशी व परदेशी कागदातील पहिला भेद होय. तिकिटांच्या कागदालाही हा न्याय लागू आहे: १८६५ च्या हिंदी टपाल तिकिटांवर हत्तीच्या मस्तकाचे जलचिन्ह आढळते.

वाशीमच्या बाबतीत आणखी एक अडचण लक्षात घेतली पाहिजे. १९०५ मध्ये जिल्हा मोडला, तेव्हा वाशीम व मंगरूळ अकोल्यास आणि पुसद यवतमाळला जोडले गेले. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला, पण पुसदेविना. जुन्या जिल्ह्याच्या कागदांचा माग काढणाऱ्याने म्हणून या तिन्ही जिल्ह्यांकडे पाहिले पाहिजे. शिवाय लेखनसामग्रीची मागणीपत्रके व भांडाराच्या नोंदवह्या यांस कायम जतनाचे महत्त्व सहसा दिले जात नाही. पुरवठ्याचा लेखी पुरावा जेथे उरला नाही, तेथे खुद्द कागद हाच पुरवठ्याचा साक्षीदार आहे.

हा साक्षीदार फार काळ बोलणार नाही. एकोणिसाव्या शतकातील यंत्रकागदास राळ व तुरटी यांची खळ दिलेली असे. त्यातून आम्लता निर्माण होते. लाकडी लगद्याच्या कागदात ती अधिकच घातक ठरते, आणि ताव पिवळा पडून घडीवर तुटू लागतो. चुन्यात कुटलेला जुना ताव शाबूत आणि त्यानंतर शंभर वर्षांनी आलेला ताव चुरा होत आहे, हे दृश्य ज्यांनी दप्तरखान्यात काम केले आहे त्यांस नवे नाही. सध्या जुन्या दप्तरांची छायाप्रत संगणकावर उतरविण्याचे काम अनेक ठिकाणी होत आहे, ते स्वागतार्हच आहे. परंतु समोरून प्रकाश टाकून घेतलेल्या छायाचित्रात मजकूर येतो, जलचिन्ह येत नाही. प्रत घेतली म्हणून मूळ कागद टाकून दिला, तर हा सर्व पुरावा कायमचा जाईल.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना म्हणून अशी सूचना करावीशी वाटते, की कोणताही जुना लेख नोंदविताना मजकुराबरोबर तावाची लांबी-रुंदी, जलचिन्हातील नाव व साल, चाळणीच्या रेषा आणि शाईचा रंग यांची नोंद करावी, आणि प्रत्येक गठ्ठ्यातील निदान एका तावाचे छायाचित्र मागून प्रकाश देऊन घ्यावे. त्यास विशेष खर्च येत नाही. वाशीम, अकोला व यवतमाळ येथील दप्तरांतून अशा काही शेकडा नोंदी जमल्या, तर देशी कागद वऱ्हाडातील सरकारी कामातून नेमका कोणत्या वर्षी हटला आणि देशी गिरणीचा कागद कोणत्या वर्षी आला, या प्रश्नांना अनुमानाऐवजी प्रत्यक्ष पुराव्याने उत्तर देता येईल.